शेवटच्या रांगेत आलेला हत्ती

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्यातून जे घडलं, ते खरं आहे.

माझा स्वतःवरच फारसा भरवसा नाही. पण त्या संध्याकाळी गिरिजाबाई, माझी पत्नी, घरात होती. तिनंही ऐकलं.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. परतूरचं आमचं घर.

पत्र धावड्याच्या भुजंगरावांचं होतं. आम्ही पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचो. एका कार्डावर एक चाल. डाव देशी. म्हणजे राजाला एकदाही शह बसला नसेल, तर तो डावात एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडू शकतो.

भुजंगरावांनी घोडा फुकट दिला, शह देऊन. मी खुशीत मारला... आणि माझ्या राजाची उडी गेली.

मग त्यांनी वजीर दिला. तो मारायला माझा हत्ती मागची रांग सोडून गेला.

त्यानंतरचं कार्ड शेवटचं.

"मास्तर, माझा हत्ती तुमच्या शेवटच्या रांगेत आला. राजा कुठं जाईल, सांगा."

मी मास्तर कधीच नव्हतो. वाचनालयात कारकून होतो. चिडवायला फक्त तेच तसं म्हणायचे.

राजा कुठेच जाऊ शकत नव्हता. त्याच्यापुढे माझीच तीन प्यादी उभी होती. 'हरलो' एवढंच लिहायचं होतं. ते माझ्याच्यानं लिहवेना.

काही आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा, करणचा फोन आला.

"काका, बाबा गेले. रोज पोस्टमनला अडवायचे. लई चिडले होते तुमच्यावर. मास्तर पळून राह्यला, म्हणायचे."

मी बरं म्हणून फोन ठेवला. डाव मात्र मोडला नाही. पट मागच्या खोलीत, दाराशेजारच्या टेबलावर तसाच होता.

अमावस्येच्या त्या संध्याकाळी मी तिथेच वाचत बसलो होतो. या खोलीला एकच दार. मागच्या बोळाकडे खिडकी आहे, पण तिच्यापुढे माझी पुस्तकांची तीन कपाटं.

लाईट गेली.

खट...

पटावर लाकूड टेकल्याचा आवाज.

मी बॅटरी लावली. मारलेल्या सोंगट्या मी बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. डबा बंद होता.

पण भुजंगरावांचा घोडा पटाशेजारी उभा होता. त्याच्यामागे वजीर.

"अहो," पुढच्या खोलीतून गिरिजाबाई म्हणाली, "कोण आलंय?"

"कुणी न्हाई."

"मंग मास्तर, मास्तर कोण करून राह्यलंय?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी दाराकडे गेलो. दार उघडेना. या दाराला आतून कडी नाही. बाहेरूनही नाही.

"गिरिजा!"

मी दार खांद्यानं ढकललं.

मग बोळात पावलं वाजली. घराच्या मागच्या भिंतीला लागून... एका टोकाकडून. सरळ. जड.

माझ्या मागे येऊन ती थांबली. खिडकीपाशी.

तिन्ही कपाटं आत सरकली.

मी ढकलून पाहिलं. माझीच कपाटं, पण जागची हलेनात. पुन्हा सरकली. माझी पाठ दाराला टेकली. कपाटाची कड छातीत रुतली. श्वास आत जाईना.

"राजा कुठं जाईल, सांगा."

आवाज कपाटांमधून आला. त्यात चिडवणं नव्हतं. नुसता द्वेष.

पट उजव्या हाताशी होता. मी चाचपत माझा राजा शोधला... आणि हार मानून आडवा केला.

दार उघडलं. मी गिरिजाबाईच्या अंगावरच पडलो.

ती रडत होती. "कवाची दार ठोकून राह्यले! आतून कोण हसत होतं हो?"

कपाटं भिंतीला लागून होती. जिथल्या तिथे. माझ्या छातीवरचा काळानिळा पट्टा मात्र आठवडाभर राहिला.

सकाळी मी कार्ड घेतलं. 'भुजंगराव, हरलो. डाव तुमचा.' पत्ता धावड्याचाच घातला. दुसरा कुठला घालणार?

पोस्टाच्या पेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. पुरेल का एवढं? अजून कळत नाही.

कार्ड आत सोडलं.

कागद पडल्याचा आवाज आला नाही.

आतून आवाज आला...

खट.