कार्डिंग खात्याचा आलेख

“मी विकली गेले म्हणतात, ताई! मिलवाल्यांनी मला विकत घेतलं म्हणे!”

धम्मदीना गजभिये आली तीच हे बोलत. खुर्ची पुढे केली तरी बसेना. तुकोगंजमधल्या या ऑफिसात सरोजिनी मुळे बारा वर्षं खाजगी तपास करत होत्या आणि नरेंद्र त्यांचा मदतनीस. माणूस सोन्यासारखा, पण गोष्ट डोक्यात शिरायला त्याला अंमळ वेळ लागायचा. धम्मदीना महूची पोरगी, आजोबा फौजेतले. ही विकली जाणार नाही, एवढं मात्र त्याने बघताक्षणी ठरवून टाकलं.

मिल बंद पडून वर्ष झालं होतं. एका संस्थेने जुन्या कामगारांची फुप्फुसं तपासली आणि आकडेवारीचा अहवाल, आलेखासकट, धम्मदीनाने केला. त्यात कार्डिंग खात्यात आजारी निघाले शंभरात अवघे एकोणीस. कापूस पिंजताना जिथे माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा व्हायचा, तिथे! अहवालात जे आजारी, त्यांनाच दवाखान्याचं बोलावणं गेलं. कार्डिंगात राबलेल्या श्रीरामला गेलं नाही. मंगळवारी तो खोकत खोकत वारला.

“त्याची बायको शांता सगळ्यांसमोर मला म्हणाली, ‘इनकी जांच तो हुई थी, मग नाव कोणी खाल्लं?’” धम्मदीना सांगत होती. “युनियनवाले सोमवारी पोलिसांत जाणार आहेत.”

“आलेख कशावर काढलास?”

“‘आर’ नावाच्या सॉफ्टवेअरवर. फुकट मिळतं, सगळ्यांना खुलं. मी केलेली पायरी न् पायरी फायलीत लिहिलेली असते.”

“मग माझ्यासमोर पुन्हा काढ. आणि त्या पायऱ्या कागदावर दे. कॉम्प्युटर मला कळत नाही, पण वाचता येतं.”

आलेख पुन्हा निघाला तो हुबेहूब तोच. खाली बारीक अक्षरात ‘सर्व खाती मिळून एकूण १६९’. म्हणजे नंतर कोणी हात लावला नव्हता. नरेंद्रचा चेहरा पडला.

सरोजिनीबाईंनी कागदावर बोट ठेवलं. “ही ओळ काय करते?”

“एकाच माणसाचे दोन फॉर्म आले तर दुसरा गाळते.”

“एकच माणूस, हे कशावरून?”

“तिकीट नंबरावरून, म्हणजे मिलमधल्या हजेरीच्या नंबरावरून. नावं गुप्त ठेवायची, म्हणून कॉम्प्युटरात नावं घातलीच नाहीत.”

संस्थेचे डॉक्टर अशोकजी भेटले ते तडकूनच. “अरे भिया, मैंने पहले ही कहा था! फुकटच्या सॉफ्टवेअरवर भरवसा काय? जगात कोणीही त्यात हात घालतो. कंपनीचं घ्यायला पाहिजे होतं.”

“फॉर्म किती भरले?”

“दोनशे बारा. मी स्वतः मोजून गठ्ठा बांधला.”

फॉर्म भरले होते दिनानाथ पोतनीसांनी. मिलच्या गेटवर चौतीस वर्षं हजेरी लिहिलेला माणूस. “एक माणूस चुकवला नाही, बाई. आधी पर्मनंट, मग बदली, सगळे आले. हजेरीत कधी घोळ नाही झाला. पर्मनंटचा खाडा पडला की बदली उभा, आणि त्याच्याच तिकिटावर हजेरी.”

“कार्डिंगात बदली जास्त?”

“मग? धूळ फाकायला पर्मनंट कशाला जाईल?” दिनानाथ हसले.

रविवारी सकाळी सरोजिनीबाईंनी तिघांनाही संस्थेत बोलावलं. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा सोडून ठेवला होता.

“गुन्हेगार शोधायला निघाले होते, पण इथे कोणी विकलं गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “भरले दोनशे बारा, आलेखात एकशे एकोणसत्तर. त्रेचाळीस माणसं गेली कुठे? पुन्हा काढला तरी तोच आलेख, म्हणजे ती गळली धम्मदीनाच्याच पायऱ्यांत. ती ओळ एका तिकिटाचा दुसरा फॉर्म गाळते. आणि एका तिकिटावर दोन माणसं कोण लिहितं? दिनानाथजी, बदलीवाल्यांना तुम्ही कोणता नंबर दिलात?”

“ज्याच्या जागी उभे राहायचे, त्याचा,” दिनानाथ म्हणाले. “त्यांना वेगळा नंबर कुठे होता?” आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. नरेंद्रच्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला.

“म्हणजे एकशे सोळा नंबरच्या तिकिटाचा पर्मनंट राहिला,” सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, “आणि एकशे सोळाचा बदली, श्रीराम, गळला. डॉक्टर, दोष फुकटच्या सॉफ्टवेअरचा नाही. पायऱ्या उघड्या होत्या म्हणून चूक सापडली. पण अहवाल पाठवण्याआधी दोनशे बाराचे एकशे एकोणसत्तर कसे झाले, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.”

अशोकजी गठ्ठा पुढे ओढून फॉर्म पुन्हा मोजू लागले.

धम्मदीनाने ती ओळ काढली. कार्डिंगचा खांब सरसर वर चढला. शंभरात चव्वेचाळीस. तिचं नाव धुऊन निघालं होतं, पण ती रडत होती. “ओळ माझीच होती, ताई. एकदा गठ्ठा उघडून बघितला असता तर!”

अशोकजी आजारी बदलीवाल्यांचे फॉर्म वेगळे काढून दवाखान्याचा निरोप द्यायला उठले. एकतीस होते. एक त्यांनी परत टेबलावर ठेवला.

दिनानाथ स्क्रीनजवळ गेले. “यात श्रीराम कुठला, बेटा?”

“वेगळा नाही दाखवता येत, काका. सगळ्यांत मिळून आहे.”

“चौतीस वर्षं मी त्याला दुसऱ्याच्या नंबरावर लिहिलं. मरतानाही तसंच लिहिलं.” त्यांनी डोळे पुसले आणि चपला शोधू लागले. “शांताला मी सांगतो. तुम्ही कोणी येऊ नका.”

नरेंद्र तरीही त्यांच्या मागे गेला. श्रीरामच्या घराची कडी दिनानाथांनीच वाजवली. शांताने दार उघडलं आणि सवयीने आत वळून हाक मारली, “अहो, हजेरीबाबू आलेत.”