बाहेर गेलेले कण

प्रयोगशाळेत संगणक चार होते, चालू एक. खुर्च्या तीन, त्यांतली एक बिनपाठीची. पंखा एक. आणि त्या एकमेव चालू संगणकासमोर, एकाच खुर्चीवर हात ठेवून दोघं – भौतिकशास्त्राची उत्कर्षा आणि एक अनोळखी मुलगा.

"बसा ना," तो म्हणाला.

"बसतेच आहे. विचारलं नव्हतं."

"शनिवार पेठेतल्या का?"

"का?"

"बोलण्यावरून."

तिला हसू आवरलं नाही. तो परळीचा वैजनाथ, प्रोग्रॅमिंग शिकायला पुण्यात आलेला. तिच्या पडद्यावर एका चौकोनी पेटीत कणांचे ठिपके धावत होते.

"तारा फुटला की आघाताची लाट निघते," तिने सांगितलं. "दोन्ही बाजूंचं चुंबकीय क्षेत्र कणांना वळवून परत लाटेकडे पाठवतं. प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा थोडी वाढते."

"नुसतं येऊन-जाऊन?"

"नुसतं येऊन-जाऊन."

मग तोही येऊ-जाऊ लागला. कधी ओल्या शेंगा घेऊन, कधी काहीच कारण नसताना. त्याची चाहूल लागली की तिची बोटं कळफलकावर अडखळत...

नव्व्याण्णव साल सरत आलं. अमेरिकेला प्रोग्रॅमर हवे होते. वैजनाथचा व्हिसा झाला. तिचं गणित मात्र अडलेलंच होतं – ऊर्जेच्या आलेखाचा उतार दोन यायला हवा, येत होता दीड.

निघायच्या दिवशी तो बिनपाठीच्या खुर्चीवर बसून तिचा प्रोग्रॅम वाचत राहिला.

"उत्कर्षा, तुझ्या पेटीला दारच नाही. लाटेमागे वाहून गेलेला कण तू पुन्हा पुढून आत घेतेस."

"मग गेले ते... गेलेच?"

"काही जातातच. त्यांना जाऊ दिलंस तरच उतार बरोबर येईल."

ती पडद्याकडेच बघत होती. "मला तू आवडतोस, वैजनाथ. थांब म्हणत नाहीये – सांगून ठेवतेय."

पंखा फिरत राहिला.

"मला त्या पहिल्या 'बसतेच आहे'पासून," तो हळूच म्हणाला. "पण वडील अंथरुणाला खिळलेत, उपचारांना पैसा लागतो. जावंच लागेल. परत येईन असं आत्ता म्हटलं, तर ते उगाच होईल."

"क्षेत्रात जोर असेल तर वळशील."

"किती आहे जोर?"

"मोजलेला नाही."

त्याने तिच्या हातावर क्षणभर हात ठेवला, आणि तो गेला. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा तिने पेटीची मागची सीमा उघडली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

उतार आला : २.०२.