नखाएवढा रिसीव्हर

रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. नांदेडच्या वजिराबादेत सोमेशच्या दुरुस्तीच्या दुकानात विशाखा सोनकांबळेने पिशवीतून कीबोर्ड काढून काउंटरवर ठेवला.

कीबोर्ड चारचौघांसारखा सपाट नव्हता. मधोमध उंचवटा, बटणांचे दोन भाग दोन बाजूंना कललेले, पुढे तळहात टेकायला मऊ गादी. वायर नाही. डाव्या बाजूची पाच बटणं मुकी झाली होती.

"दादा, चहा सांडला," ती म्हणाली.

"साखरेचा का बिनसाखरेचा?" त्याने वर न बघता विचारलं.

"त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो. साखर आत चिकटून बसते."

"साखरेचा. आलं बी होतं."

"आल्याचं काही न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. तिला हसू आलं.

विशाखा आठवडाभर लातूरला असायची. परीक्षांच्या सरावाची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाकडे ती प्रश्न टाइप करायची: एक प्रश्न, चार पर्याय, दिवसाला अडीचशे. दोन वर्षांत उजवं मनगट कामातून जायला आलं. हा कीबोर्ड वापरा, नाहीतर टायपिंग सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रविवारी ती आईवडिलांकडे नांदेडला यायची.

सोमेशने पावती लिहायला घेतली. तिने आडनाव सांगितलं आणि सवयीने वाट बघितली. आडनाव ऐकल्यावर लोक किंचित थांबतात. कळेल न कळेल इतकंच. तो थांबला नाही. सरळ लिहीत गेला.

मग त्याने कीबोर्ड पालथा घातला. दिसणारे स्क्रू चारच होते. बाकीचे रबरी पायांखाली आणि लेबलाखाली दडलेले. लेबलावरून तो अंगठा हळूच फिरवत गेला, एका ठिकाणी कागद किंचित खचला, तिथेच त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. एका कागदावर त्याने कीबोर्डाचा आकार काढला होता. निघेल तो स्क्रू त्याच्या जागी ठेवत होता.

"एवढं कशाला?"

"मधले लांब हायत, कडेचे आखूड. लांब स्क्रू कडेला बसवला तर वरून बाहेर निघतो." तो थांबला. "तुम्ही टायपिंग मशिनवर शिकल्या न?"

"हाव. कसं कळलं?"

"बटणं सांगून राहिली. बडवता तुम्ही."

आत प्लास्टिकचे पारदर्शक पापुद्रे होते, त्यांवर केसाएवढ्या रेघा. डावीकडे एक रेघ साखरेने खाल्ली होती. ती रेघ तो वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या शाईने पुन्हा जोडणार होता.

"रिसीव्हर द्या. कॉम्प्युटरला लावतात ते, नखाएवढं."

रिसीव्हर लातूरला होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलेला.

"मग पुढच्या रविवारी," सोमेश म्हणाला. "गिऱ्हाइकानं दहा बोटांनी चालवून बघितल्याबिगर मी वस्तू देत न्हाई. हैदराबादला हे काम शिकलो, तिथं उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

दुसऱ्या रविवारी ती रिसीव्हर खरोखर विसरली. त्याने चहा मागवला, बिनसाखरेचा, आणि कप काउंटरच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

"मी काय रोज सांडते?"

"कीबोर्ड उघडा हाय. जोखीम कशाला?"

एक तास कसा गेला ते दोघांना कळलं नाही. देगलूरचं घर, तिथली कानडी मिसळलेली बोली, शेती सोडून हे काम धरलं म्हणून वर्षभर न बोललेले वडील, अण्णा... तो सांगत गेला. त्या दिवशी तिने त्याला 'दादा' म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही.

तिसऱ्या रविवारी तिच्या मनगटाला पट्टी होती. रिसीव्हर पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत होता. कीबोर्ड हातात आला की वजिराबादेत यायला कारण उरणार नव्हतं. बसमध्ये तीन-साडेतीन तास तिने हाच हिशेब केला होता.

"विसरले," ती म्हणाली.

तो पट्टीकडे बघत होता. "हे कधीपासून?"

"बुधवारपासून. साधा कीबोर्ड वापरून राहिले न."

तो आत गेला, कीबोर्ड घेऊन आला आणि तिच्या पिशवीत घालू लागला.

"आणि उस्तादांचा नियम?"

"हातापेक्षा मोठा न्हाई."

तिने डबी उघडली. रिसीव्हर काउंटरवर ठेवला. "आज विसरले नव्हते..."

त्याने तो नखाएवढा तुकडा उचलून तळहातावर घेतला. "मीटर लावून मी पहिल्याच मंगळवारी तपासलं होतं," तो म्हणाला. "समदी बटणं चालू होती. तवाच फोन करायला पाहिजे होता. मला वाटलं — रविवारी याल."

तिला राग आला, खराखुरा. "माझा हात दुखत होता."

"हाव. चुकलं माझं."

"माझंही," ती स्टूल ओढत म्हणाली. "आणा. दहा बोटांनी चालवून बघते."

त्याने रिसीव्हर दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. ती स्टुलावर बसली. पाचही बटणं बोलली. मग ती थांबली नाही. रोजच्या सवयीने टाइप करत गेली. पडद्यावर उमटलं:

प्रश्न १. विशाखा व सोमेश यांच्याविषयी आधी कोठे बोलावे?
(अ) नांदेडला (ब) देगलूरला (क) दोन्हीकडे एकाच दिवशी (ड) कोठेही नाही, कीबोर्ड दुरुस्त झाला आहे

त्याने दोनदा वाचलं. "निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

"हाय."

"वेळ?"

"माझी गाडी दीडला हाय."

त्याने हात पुढे केला. बोट बटणावर आलं... आणि थांबलं. "देगलूरला अण्णा लई—"

वाक्य तिथेच राहिलं. पावती लिहिताना जे थांबणं आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

"माहीत हाय," विशाखा म्हणाली. रिसीव्हर काढून तिने डबीत ठेवला. "उत्तर घाईनं देऊ नका, सोमेश. पण कोरं सोडू नका." पहिल्यांदाच तिने नाव घेतलं होतं. तो तिच्या पिशवीचा बंद धरून उभा राहिला, तिने सोडवून घेईपर्यंत.

मंगळवारी संध्याकाळी पाच चाळीसला लातूरला तिच्या फोनवर मेसेज आला: "देगलूरच्या गाडीत बसलो. ब पासून सुरू करून राहिलो. मग नांदेडला, तुमच्या घरी."

तिने उत्तर पाठवलं: "जेवून बोला. उपाशी नका बोलू."

बुधवारी दुपारी एकपर्यंत पुढचा मेसेज आला नव्हता. मनगटाची पट्टी निघाली होती. सकाळपासून शंभर प्रश्न टाइप झाले होते, आणि डाव्या बाजूची पाचही बटणं नीट चालत होती.