तुंगार्लीच्या खाणीत झाडलेल्या सहा गोळ्या

ही थाप नाही. लोणावळ्यात थापा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, पण ही त्यातली नाही.

१९४३ चा श्रावण. बुधवारची दुपार. पैज लावली माझ्या वडिलांनी, चिक्कीवाल्या गंगाधरनी. भोगली समोरच्या दुकानातल्या फकरुद्दीन मिस्त्रीनं.

फकरुद्दीन कुलपं, बंदुका दुरुस्त करायचा. दुकान आधीच्या मिस्त्रीचं, नसीरचं. हत्यारं नसीरची. बायकोही नसीरचीच. नसीर तापानं गेला, वर्षानं फकरुद्दीननं मेहमुदाशी निकाह लावला. पण बाजार अजून म्हणायचा, "नसीरच्या दुकानात टाक."

मेलेल्या माणसावर जळायचं म्हणजे कटकट. त्याला बदडताही येत नाही.

तशात वळवणच्या शेटजींचं पिस्तूल आलं. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर उडायची सोडून वरच्या खाचेतच उभी अडकायची.

"नसीर असता तर पुंगळी बघूनच दोष सांगितला असता," वडील गुडदाणी, आपली चिक्की, कापत म्हणाले. मुद्दाम. काडी टाकायची आमच्या घराण्याला सवय.

"बुधवारी नीट करून दाखवतो, गंगाधरभाऊ."

"लाव पैज. सहा गोळ्या झाड, सहा पुंगळ्या आणून माझ्या काट्यात टाक. मी बायकोचं लुगडं नेसून दुकानावर बसतो. नाही जमलं तर तू हातगाडीवर उलटा बसून ओरडायचं, मिस्त्री नसीरच."

फकरुद्दीनची कानशिलं तापली. "लावली."

घरी मेहमुदा भाकरी थापत म्हणाली, "ते गोळी झाडताना टोपी पुढं धरायचे. पुंगळी हवेतच झेलायचे. बुडाला ओरखडा कुठं आलाय, त्यावरून त्यांना कळायचं."

"ते म्हणजे कोण?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. फकरुद्दीनला ती कधीच 'ते' म्हणत नसे.

"मी काय माकड आहे झेलायला?" म्हणून तो उठला.

पिस्तूल खोललं. पुंगळीला धरून ओढणाऱ्या नखीखाली काजळी थापली होती. स्प्रिंगही मेली होती. साफ केलं, स्प्रिंग बदलली. शेटजींनी मोजून सहाच गोळ्या दिलेल्या. त्या घेऊन बुधवारी दुपारी तो एकटाच तुंगार्लीच्या जुन्या दगडखाणीत गेला.

धुकं उतरलं होतं.

पहिली झाडली. पुंगळी पिवळी झळकून उजवीकडे उडाली. फकरुद्दीन हसला.

मग थबकला.

खाली सगळा कातळ... आणि 'टण' झालंच नाही.

दुसरी. आवाज नाही.

तिसरी. नाही.

चौथी त्यानं उजवीकडे बघतच झाडली. पुंगळी वर गेली, वळली, छातीच्या उंचीला आली... आणि दिसेनाशी झाली.

मग मऊ आवाज आला. कापडात काही पडावं तसा.

टप्प.

पाचवीलाही तोच.

सहावीला त्याला भीती नाही, संताप आला. माझ्या हातची पुंगळी, हा कोण झेलणार? चाप ओढला आणि डाव्या हातानं झडप घातली.

बोटांना लागलं... ओलं कापड. टोपीची कड.

कानाशी कुणीतरी "च्च" केलं. उस्ताद शिकाऊ माणसाला करतो तसं.

तासभर तो गुडघ्यांवर कातळ चाचपत होता. एकही सापडली नाही.

"पुंगळ्या?" तो बाजारात परतताच वडिलांनी काटा पुढं केला.

"उडाल्या. पडल्या नाहीत."

"उडाल्या आणि पडल्या नाहीत? अडकल्या म्हण की, फकरूभाई."

बाजार हसला. नसीरनं झेलल्या असं सांगावं, तर ते पैज हरण्याहून वाईट.

तो हातगाडीवर उलटा बसला. वडील ढकलू लागले.

"मिस्त्री नसीरच."

"मोठ्यानं की."

"मिस्त्री नसीरच."

तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा गाडी त्याच्याच दारापुढं होती. मेहमुदा उंबऱ्यात आली. लाजल्यासारखी हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. फकरुद्दीनला वाटलं, आपल्याकडे बघून.

पण तिची नजर त्याच्या शेजारी होती. गाडीच्या रिकाम्या फळीवर...

तिनं हळूच डोक्यावर पदर घेतला. फकरुद्दीनसाठी तिनं तो कधी घेतला नव्हता.

वडील ही गोष्ट खिदळत सांगायचे, पण इथं आले की हसू थांबायचं. माझंही थांबतं. तिथून पुढं म्हणे गाडी एकट्याला रेटेना, जड झाली.

आणि फकरुद्दीन हातपाय पसरून सगळी फळी अडवून बसला होता.

नसीरला तो जागा देणार नव्हता.