लवंगेच्या तेलाची बाटली

प्रताप कारखानीसला गंज कळायचा. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती. पाइपावरचा ठिपका पाहून तो कशाने आला ते सांगायचा. म्हणूनच त्याच्या जपानी सहकाऱ्याने, ओनोसानने, रजेवर जपानला जाताना आजोबांची तलवार त्याच्या आखातातल्या सीबच्या फ्लॅटवर ठेवली. सोबत लवंगेच्या तेलाची छोटी बाटली, मऊ कागद आणि एक ताकीद. पातं उघडलं की ओठांत कागदाची घडी धरायची. पात्यासमोर बोलायचं नाही. तोंडातली वाफ लागली तरी पोलादाला डाग पडतो.

आणि बायकोने, शुभदाने, काय करावं? खंडेनवमीला तलवार म्यानातून काढली, पाटावर ठेवली, बोट ओलं करून पात्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि वर झेंडूचं फूल!

प्रताप ऑफिसातून आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्कल गहाण टाकलीस का? ही काय तुझ्या माहेरची विळी आहे?"

"घरात शस्त्र आहे, म्हटलं पूजा चुकायला नको," शुभदा म्हणाली. "राखण करतं ते."

"कुणाची राखण? कशापासून?"

शेजारच्या सुरैयाने टीव्हीचा आवाज वाढवला. हे नेहमीचंच होतं. प्रतापने बायकोवर कधी हात उगारला नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! जणू न मारण्याबद्दल सरकार पदक देतं. तोंडाने मात्र तो माणूस सोलून काढायचा. आमटीतलं मीठ, शर्टाची इस्त्री, तिच्या आईचा फोन, काहीही पुरायचं.

त्याने कुंकू टिपून घेतलं, तेलाचा हात दिला आणि तलवार कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडली तर पात्यावर मसुराएवढे तपकिरी ठिपके. ओलं कुंकू लागलेली जागा मात्र लख्ख. व्हायला हवं होतं बरोबर उलटं.

"बघ! बघ तुझे प्रताप!" तो ओरडला. मग तिला समोर बसवून शिकवलं, की गंज घासायचा नाही, घासलं की पातं कायमचं जातं. तेलाचा बोळा ठेवायचा आणि नुसतं टिपायचं. सवयीने तो हे सगळं ओठांत कागद न धरताच बोलला.

त्याने कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, दमटपणा मोजायचं यंत्र ठेवलं, कुलूप लावलं. मग एकदा गाडीची किल्ली सापडेना म्हणून तो शुभदावर तोंडसुख घेऊन दमला, आणि संध्याकाळी कपाट उघडलं तर नवे ठिपके. यंत्राचा काटा जागचा हलला नव्हता.

पुढे कामासाठी तो काही दिवस दूर सोहारला राहिला. परतल्यावर पाहिलं, एकही ठिपका वाढला नव्हता. त्याच दुपारी चहा गार झाला म्हणून त्याने कप आपटला, शुभदाची सात पिढ्यांसकट खरडपट्टी काढली. मग सहज कपाटाशी गेला. म्यान काढलं, तर पात्यावर टोकाशी एक ठिपका उमटत होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो मोहरीचा मसूर झाला.

गंजाला कान नसतात, असं त्याने स्वतःला बजावलं.

ओनोसान यायच्या दिवशी शुभदा दारात आडवी उभी राहिली.

"अहो, ती देऊ नका. अजून थोडे दिवस मागून घ्या. माझ्यासाठी."

"वेड लागलंय? दुसऱ्याची वस्तू आहे!"

"दसऱ्यापासून मला बरं वाटतंय हो. तुम्ही बोलता, पण लागत नाही. इतक्या वर्षांत मी काही मागितलंय का?"

मग तो जे बोलला, ते ऐकून सुरैयाने टीव्हीसुद्धा बंद केला.

ओनोसानने ओठांत कागद धरून पातं उघडलं. गोवर यावा तसं ते भरून आलं होतं. प्रताप शरमेने घामाघूम झाला. ओनोसान चिडला नाही. त्याने कुंकवाची ती लख्ख जागा बराच वेळ पाहिली, तलवार म्यानात घातली आणि शुभदापुढे कमरेत वाकून उभा राहिला. प्रतापकडे त्याने पाहिलंही नाही. तलवार घेऊन तो निघून गेला.

दार लागलं.

"माझं नाक कापलंस!" प्रताप किंचाळला. "चार माणसांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस!"

शुभदा स्वयंपाकघरात गेली.

तो तिच्या पाठीवर ओरडत राहिला. मग घसा सुकला आणि तो थांबला.

आतून काहीच आवाज येत नव्हता. लवंगेचा वास येत होता.

तो दारात गेला.

ती खिडकीशी उजेडात बसली होती. ओट्यावर ती छोटी बाटली होती. ओनोसानच्या सामानात ती गेलीच नव्हती.

ड्रेसची बाही तिने खांद्यापर्यंत गुंडाळली होती. मनगटापासून वर, मसुराएवढे. तपकिरी.

"शुभदा, हे काय?"

तिने मान वर केली. तिच्या ओठांत कागदाची घडी होती. तिने पुन्हा मान खाली घातली, बोळा तेलात बुडवला आणि त्याने शिकवलं होतं तसं, न घासता, हलकेच टिपत राहिली.