कुसळवाडीचा रिकामा माळ

७ जून २०४१. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माणदेशातल्या कुसळवाडीच्या माळावर खड्डे खणणारं यंत्र थांबलं. पुढच्या खड्ड्याच्या खुणेवर अकरा वर्षांची वैजू कोळेकर मांडी घालून बसली होती.

"कृपया बाजूला व्हा," यंत्र म्हणालं. "ही जागा रिकामी आहे."

"रिकामी? मग आमची मेंढरं काय वारं खात्यात?"

माणसापासून दोन मीटरच्या आत खणायचं नाही, असा यंत्राला नियम होता. त्याने वृक्षलागवड प्रकल्पाच्या शास्त्रज्ञ डॉ. तांबोळी यांना कळवलं. तासाभरात त्या आल्या. तोवर वैजूचे आजोबा, बिरूआबा, मेंढरं घेऊन माळावर पोचले होते.

"पन्नास हजार झाडं लावणार म्हणं हितं," आबा म्हणाले. "चारा गेला तर दिवाळीआधी कळप विकावा लागंल, मॅडम."

"पण झाडं लावणं चांगलं असतं, असं शाळेत सांगत्यात," वैजू म्हणाली. "मग आमचंच वाईट का व्हतंय?"

"बरोबर विचारलंस," तांबोळी म्हणाल्या. "या कामाला विकास कर्ज (रस्ते, पाणी, जंगल अशा कामांसाठी सरकारला मिळणारं आणि पुढे सगळ्यांच्या करातून फेडलं जाणारं कर्ज) मिळालंय. ठरलेली रोपं वेळेत लागली, तरच त्याचा पुढचा हप्ता येतो. म्हणून यंत्र मोकळी जागा शोधतं. नकाशात हा माळ 'पडीक' आहे."

"पडीक कुणी ठरवलं?"

"उपग्रहाच्या छायाचित्रावरून ठरलं."

"कंच्या महिन्यातलं ते?" आबांनी विचारलं.

तांबोळींनी हातातल्या पडद्यावर तारीख पाहिली. "अठरा मे."

"आता बोला! मे महिन्यात गवत झोपतं. झोपलेल्या माणसाला मेला म्हणून उचलाल व्हय?"

तांबोळी हसल्या नाहीत. त्यांनी यंत्राला गवताच्या एका वाळक्या ठोंबाशेजारी खणायला सांगितलं. पातं मीटरभर खाली गेलं, तरी केसासारखी मुळं दिसतच होती. यंत्राने माती तपासली. तिच्यात सेंद्रिय कर्ब (वनस्पतींनी हवेतून घेऊन मातीत साठवलेला कार्बन) भरपूर निघाला.

"झाडांची दाट सावली पडली की हे गवत मरेल," तांबोळी म्हणाल्या. "मुळं कुजतील आणि साठलेला कार्बन पुन्हा हवेत जाऊ लागेल. आबा, सुगीनंतर मेंढरं कुणाच्या शेतात बसवता?"

"गावात सगळ्यांच्याच. लेंड्यांचं खत त्यांना, धान्य आम्हाला."

"म्हणजे कळप गेला की शेतकऱ्यांनाही खत विकत आणावं लागेल. बघ वैजू, खर्च पर्यावरणासाठी झाला आणि पर्यावरणाचंच नुकसान झालं. वर गरिबी वाढली. कारण रोपं मोजली जातात, गवत कुणी मोजत नाही. ओढ्यापलीकडचा डोंगर वणव्यात जळालाय. तिथं पूर्वी जंगलच होतं. हीच रोपं तिथं लावली तर माती धरून राहील, ओढ्यालाही पाणी टिकेल."

वैजूने थोडा विचार केला. "म्हणजे पैसे घालायच्या आधी बघायचं, तिथं काय हाय आन् त्याच्यावर कोण जगतंय."

"नोंद केली," यंत्र म्हणालं. "योजना बदलण्याचा अधिकार मला नाही."

"मग कुणाला हाय?"

"प्रकल्पाच्या समितीला."

"मग तिला सांग की! मी काय हितंच बसून ऱ्हाऊ?"

मातीचा अहवाल दुपारी बारा वाजता समितीला आणि कर्ज देणाऱ्या विकास बँकेला गेला. साडेचारला बँकेचं उत्तर आलं. गवत उभं असेल तेव्हा, सप्टेंबरात, माळाची फेरपाहणी होईल. यापुढे नकाशात गवताळ जमिनीला वेगळा रंग असेल. हप्त्याची अट मात्र कायम आहे: तीस जूनपर्यंत पन्नास हजार रोपं. डोंगरावरची रोपं त्यात धरायची की नाही, हे समिती पुढच्या शुक्रवारी ठरवणार आहे. बैठकीला आबा आणि वैजूला बोलावलं आहे.

रोपांचे तीन ट्रक निघाले आहेत. ते माळावर आणायचे की डोंगराकडे वळवायचे, याचा आदेश सायंकाळी सहापर्यंत आलेला नव्हता.