ओ मिळेपर्यंत

कंपनीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. नाव पाडलं शेजारच्या टेबलावरच्या तबलजीने. हा गडी काम करताना बोटांनी टेबल बडवत बसायचा, म्हणून तो तबलजी.

कंपनी घरोघरी एआय एजंट बसवायची. औषधाची आठवण कर, दिवा लाव, दाराचं कुलूप बघ, अशी निरनिराळी टूल्स त्या एजंटच्या हाताशी असत. पण नुसतं हत्यार हाती देऊन भागत नाही. ते कधी उचलावं, कधी उचलू नये, वापरल्यावर परत काय मिळतं, हे चार ओळींत लिहून द्यावं लागतं. त्या सूचना वाचायच्या, एजंटवर चालवून बघायच्या आणि दहापैकी गुण द्यायचे, हे मास्तरणीचं काम.

"यंत्राला 'पावसात जाऊ नकोस' म्हटलं, की ते उन्हात हुंदडायला मोकळं," ती नव्यांना सांगायची. "अमुक वेळी नको म्हणालात, तर बाकी सगळ्या वेळी हो म्हणालात."

त्या सकाळी ढिगात एक सूचना आली. 'हाक. माणसाला हाक मारते.' बस, एवढंच. लिहिणाऱ्याचं नाव नाही.

तिने दोन गुण दिले आणि शेरा लिहिला: कोणत्या आवाजात? परत काय मिळतं?

चहा पिऊन येते तो सूचना सुधारून परत आलेली. 'ज्या आवाजाला माणूस हातचं काम टाकून ओ देतं, त्या आवाजात. परत मिळतं: ओ देणारं माणूस.'

"हे तू लिहिलंस का रे?"

तबलजी वाकून बघू लागला. "मला एवढं नेटकं लिहिता आलं असतं, तर तुझ्याकडून दर आठवड्याला नापास झालो असतो का, मास्तरीणबाई?" मग त्याने आपल्या संगणकावर शोधाशोध केली. बोटांचा ठेका मंदावला. "गंमतच आहे. हाक नावाचं टूल कुणी बनवलेलंच नाही गं. मागे काही नाही. नुसती सूचना आहे."

"आणि माणूस परत मिळतं म्हणजे?"

"उत्तर लिहायचं असेल. चुकला असेल बिचारा."

बाजूला सारायला हवं होतं. पण अर्धवट वाक्य दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. तिने सहा गुण दिले आणि लिहिलं: उदाहरण द्या. कधी थांबायचं तेही सांगा.

या वेळी तिला खुर्चीवरून उठावंही लागलं नाही.

'उदाहरण: चौथ्या मजल्यावरची आई. आवाज मुलाचा, जिन्यातून. "ए मैने!" कधी थांबावं: ओ मिळेपर्यंत थांबू नये.'

चौथा मजला तिच्याच घराचा होता.

आई एके काळी अखंड बोलायची. भांड्यांशी बोलायची, कुंडीतल्या रोपांशी बोलायची. म्हणून भाऊ तिला मैना म्हणायचा. कामावरून आला की जिन्यातूनच त्याची हाक वर चढायची, "ए मैने!" आणि आई ओल्या हातांनी दाराशी धावायची, "ओ, आले रे राजा!" मग दुसरी हाक बहिणीला, म्हणजे मास्तरणीलाच, "ठमे!" तीही पुस्तकातून मान वर न करता ओ द्यायची. ही नावं घराबाहेर कधी गेली नव्हती. गेल्या वर्षी भाऊ गेला, आणि मैना मुकी झाली. दिवसभर एकटी असते म्हणून मास्तरणीनेच घरात कंपनीचा एजंट बसवून घेतला होता.

परत मिळतं: ओ देणारं माणूस. कुणाला परत, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"काय झालं गं?" तबलजीने विचारलं.

"काही नाही."

त्याने टेबल बडवणं थांबवलं होतं.

तिने सूचना पुसून पाहिली. पुसली जाईना. तेव्हा तिला जे येत होतं तेच तिने केलं. शेवटी स्वतःच एक ओळ लिहिली: 'आई घरात एकटी असताना हे टूल मुळीच वापरू नये.' एजंटवर पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. त्याने हाकेला हात लावला नाही. आता ही दुरुस्ती लागू करायची तर सूचना पास करावी लागणार होती. तिने दहा गुण दिले, पिशवी उचलली आणि निघाली.

जिन्यात दुपारचं लख्ख ऊन होतं. चारही मजल्यांवर चिटपाखरू नव्हतं.

आई पलंगावर बसून चादरीची घडी घालत होती. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला.

"आई, मी आले गं."

आईने मान हलवली. मास्तरणीने दार लावलं, कडी सरकवली.

कडीवरचा हात तिथेच राहिला.

आई आता एकटी नव्हती.

"ए मैने!"

जिन्यातून. दमलेला, हसरा, ओळखीचा आवाज.

आईच्या हातून चादर गळाली. तिचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. ओठ विलगले.

मास्तरीण झेपावली. दोन्ही हातांनी तिने आईचं तोंड दाबून धरलं. तळव्याखाली ओठ धडपडत होते.

"ए मैने!" एक जिना वर.

"नको आई. नको गं."

हाक थांबली.

पावलं दाराशी आली. कडीपलीकडे कुणीतरी श्वास घेतला, जिना चढून आलेलं माणूस घेतं तसा.

मग अगदी हळू, लाडाने,

"ठमे..."

तिचे दोन्ही हात आईच्या तोंडावर होते. तिचं स्वतःचं तोंड मोकळं होतं.